आजोबांचं तेल आणि गाडीची सीट

(या आठवड्याच्या भागाचा लेखी मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, मधले खोकले आणि "अं... अं..." तेवढे काढून टाकलेत.)



आजचा भाग जरा वेगळा आहे. आज मला आधी माफी मागायची आहे आणि मग माहिती द्यायची आहे. फेब्रुवारीत आपण गाडीच्या आतल्या सफाईवर एक भाग केला होता, आठवतोय? त्यात शेवटी एक प्रश्न आला होता, "लेदर सीटला काय लावायचं?" आणि मी अगदी छातीठोकपणे सांगितलं होतं, "भो, कपड्याची पावडर कोमट पाण्यात घाला, ब्रशनं घासा, वाळू द्या आणि वरून खोबरेल तेलाचा हात फिरवा. आजोबांचा नुस्का आहे, बिनधास्त करा."

तो सल्ला चुकीचा होता. आणि तो ज्यानं सगळ्यात आधी ऐकला, तो माझा सख्खा आतेभाऊ.

दादा जळगावात टुरिस्टची गाडी चालवतो. अजिंठ्याला जाणारे बरेच पर्यटक जळगाव स्टेशनला उतरतात, तिथून त्यांना लेण्यांपर्यंत न्यायचं, आणायचं. लग्नसराईत मग धुळे, नाशिक, सुरत अशी भाडी. दोन वर्षांपूर्वी त्यानं एक मोठी सेकंडहँड गाडी घेतली. कर्ज काढून घेतली. आणि त्या गाडीत खऱ्या चामड्याच्या सीट होत्या, फिकट बदामी रंगाच्या. त्याच सीटवर त्याला भाडं दोन पैसे जास्त मिळायचं. फोटो पाठवला की गिऱ्हाईक म्हणायचं, "हीच गाडी पाठवा."

दादानं माझा भाग ऐकला आणि तसंच केलं. पावडर, ब्रश, तेल. पहिले आठ दिवस सीट अशी चमकत होती की त्यानं मला फोटो पाठवून अंगठा दाखवला.

मग मे आला. आपला मे कसा असतो ते सांगायची गरज नाही, जळगावात पारा ४५ च्या पुढं जातो. एका लग्नासाठी दादा नवरदेवाकडच्या एका ज्येष्ठ पाहुण्यांना जळगावहून धुळ्याला घेऊन निघाला. एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. पाहुण्यांच्या अंगात पांढरा शुभ्र झब्बा-पायजमा. धुळ्याला कार्यालयाच्या दारात ते उतरले आणि मागून कुणीतरी हाक मारली. पाठीवर आणि पायजम्यावर पिवळट-तपकिरी डाग, सीटच्या शिलाईचा अख्खा नकाशा उमटलेला.

ते गृहस्थ चांगले होते. भाडं पूर्ण दिलं, आरडाओरडा केला नाही. पण परतीची गाडी दुसरी सांगितली. आणि त्या घरातली पुढची दोन भाडीही गेली.

दादा मला काही बोलला नाही. फक्त सीटचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. खाली एक शब्दही नाही. तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे.

तर मंडळी, नेमकं काय चुकलं ते आज नीट समजून घेऊ. कारण असं तेल लावणारा दादा एकटा नाहीये.

आधी हे ओळखा: चामडं की रेक्झिन?

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत "लेदर सीट" म्हणून जे असतं ते चामडं नसतंच. ते रेक्झिन असतं, म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर. कंपनीच्या माहितीपत्रकात त्याला "लेदरेट" असं गोड नाव असतं. त्यात वाईट काही नाही, पण त्याला कंडिशनर लावणं म्हणजे प्लास्टिकच्या खुर्चीला मलम लावणं.

आणखी एक गंमत. ज्या गाड्यांत खरं चामडं असतं, त्यातही बऱ्याचदा फक्त आपण बसतो-टेकतो तेवढाच भाग चामड्याचा असतो. बाजू आणि सीटची मागची पाठ रेक्झिनची. त्यामुळे एकाच सीटवर दोन्ही असू शकतं.

ओळखायचं कसं? सीटच्या खालून किंवा मागून, जिथं कव्हर संपतं किंवा चेन असते, तिथं आतली बाजू बघा. चामड्याची उलटी बाजू लोकरीसारखी, तंतूतंतूची असते. रेक्झिनच्या मागं विणलेलं कापड किंवा फोम दिसतो. वरून अंगठ्यानं दाबा: चामड्यावर अंगठ्याभोवती बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या येतात, आपल्या हाताच्या कातडीसारख्या. रेक्झिन नुसतं खाली दबतं. वासावर जाऊ नका, वासाचे स्प्रे मिळतात. आणि काडी लावून बघायचा व्हिडिओ पाहिला असेल तर विसरून जा, दुसऱ्याची गाडी जाळून बसाल.

आता तेलाची गोष्ट

दादाची सीट घेऊन आम्ही दोघं धुळ्याला गेलो, आग्रा रोडच्या बाजूला सीट कव्हर आणि कुशनचं काम करणाऱ्या एका काकांकडे. साठीच्या पुढचे असतील. सीटवर बोट फिरवलं, बोट नाकाजवळ नेलं आणि एवढंच म्हणाले, "भाऊ, तेल कसाले?"

मी म्हटलं, "काका, माझे आजोबा वहाणांना तेल लावायचे. मोटेला पण लावायचे. कधी तडा गेला नाही."

काका हसले. म्हणाले, "बरोबरच करायचे. माझा आजा मोटा शिवायचा. पण ते चामडं वेगळं, हे वेगळं."

तरुण मंडळींसाठी सांगतो. विहिरीवर इंजिन आणि पंप यायच्या आधी पाणी मोटेनं काढायचे. मोट म्हणजे चामड्याची भलीमोठी पिशवी, बैल उतारावरून चालत गेले की भरून वर यायची. दिवसभर पाण्यात आणि उन्हात. ते चामडं बाभळीची साल, हिरडा असल्या झाडपाल्यातल्या रसायनांनी कमावलेलं असायचं. ती रसायनं म्हणजे टॅनिन, चहाला जो तुरटपणा असतो ना, तेच घराणं. कोल्हापुरी चपलांचं चामडं आजही पारंपरिक पद्धतीनं असंच कमावतात. २०१९ साली त्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून.

या चामड्याच्या वर काही थर नसतो. उघडं असतं ते. पाणी पितं आणि तेलही पितं. पाण्यानं त्याच्यातलं तेल निघून जातं, मग ते कडक होतं, म्हणून परत तेल द्यायचं. आजोबांचं बरोबरच होतं.

गाडीचं चामडं मात्र वेगळ्या जगातलं. १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी चामडं कमावण्याचं पेटंट घेतलं. आठवड्यांचं, महिन्यांचं काम दिवसांवर आलं आणि हे चामडं उष्णताही जास्त सहन करतं. आज जगातलं बहुतेक चामडं असंच होतं. गाडीच्या सीटसाठी काही कारखाने आता क्रोमियमशिवायच्या पद्धतीही वापरतात. पण दोन गोष्टी सारख्याच. एक, कारखान्यातच चामड्याच्या तंतूंमध्ये मोजून-मापून तेल मुरवलेलं असतं. दोन, आणि ही महत्त्वाची, त्याच्यावर रंगाचा थर असतो आणि रंगावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर. सगळे मिळून केसाच्या जाडीच्या आसपास, किंबहुना त्याहून पातळच.

म्हणजे आपण सीटवर हात फिरवतो तेव्हा चामड्याला हात लागतच नाही. आपला हात त्या रंगावर असतो. आपल्याला सांभाळायचंय ते चामडं नाही, तो केसाएवढा थर. तो शाबूत असेल तर आतलं चामडं वर्षानुवर्षं मजेत राहतं. तो गेला की चामडं उघडं पडतं.

आता माझा सल्ला परत ऐका. कपड्याची पावडर. चामडं स्वभावानं आम्लधर्मी, पीएच ४ च्या आसपास. कपड्याच्या पावडरीचं पाणी अल्कधर्मी, १० च्या घरात. त्यात कडक ब्रश. त्यानं वरचा थर जागोजागी खरवडला गेला, विशेषतः शिलाईजवळ आणि जिथं आधीच बारीक भेगा होत्या तिथं. आणि मग त्या भेगांतून खोबरेल तेल आत. काही तेल आत, बाकीचं वरच. खोबरेल साधारण २४ अंशांच्या वर पातळ होतं. आपल्याकडं मेमध्ये बंद गाडीत काय तापमान होतं ते स्टीअरिंगला हात लावलेल्या कुणालाही विचारा. तेल पातळ झालं, रंगाचे सुटे कण आणि आपल्या रस्त्याची धूळ घेऊन वर आलं, आणि पाहुण्यांच्या झब्ब्यावर बसलं. हिवाळ्यात तेच तेल शिलाईत पांढरं गोठलं असतं. शिवाय जुनं झालं की खवट वास वेगळाच.

काका म्हणाले ते मी लिहूनच घेतलं: "चामडं मेलेलं असतं भाऊ. ते काही खात नाही. त्याला जेवू घालू नका, त्याची आंघोळ घाला."

तर आंघोळ कशी घालायची

काकांनी करून दाखवलं आणि मी नंतर स्वतः करून बघितलं, त्यावरून सांगतोय.

पहिलं, गाडी सावलीत आणि सीट थंड. तापलेल्या सीटवर क्लीनर टाकला की पुसायच्या आधीच वाळतो आणि डाग पडतात. सकाळी लवकर करा.

दुसरं, आधी धूळ काढा. ओलं काहीही लावण्याआधी. आपली धूळ म्हणजे बारीक सँडपेपर आहे. ओल्या फडक्यानं धूळ घासली तर थर तुम्हीच खरवडताय. व्हॅक्यूमला मऊ ब्रशचं तोंड लावा, शिलाईच्या खाचा आणि पाठ-बैठकीच्या मधली फट नीट काढा. व्हॅक्यूम नसेल तर मऊ रंगाचा ब्रश आणि कोरडं फडकं.

तिसरं, क्लीनर. चामड्यासाठीचाच घ्या, ज्यावर पीएच न्यूट्रल किंवा चामड्यासाठी सौम्य असं लिहिलेलं असेल. आधी सीटच्या खाली, दिसणार नाही अशा जागी लावून बघा. पांढऱ्या फडक्यावर रंग आला तर थांबा.

चौथं, क्लीनर सीटवर मारू नका, ब्रशवर किंवा फडक्यावर घ्या. मऊ ब्रश, फेस करून, एका वेळी हातभर जागा. जोर नको, फेस काम करतो. मग मायक्रोफायबरचं फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि फेस पुसून घ्या. मग कोरडं फडकं. मग पुढची हातभर जागा. पाणी शक्यतो फिल्टरचं. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते वाळले की पांढरे ओघळ दिसतात.

ज्या सीटला बारीक छिद्रं आहेत, थंड हवेच्या सीट, तिथं तर जवळजवळ कोरडंच काम करा. छिद्रांत फेस गेला की आत फोम आणि पंखा. आणि कुठल्याच सीटखाली पाण्याचा पाइप मारू नका. सीटखाली पिवळ्या रंगाचे जोड दिसतील, ते एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावायचा नाही.

पाचवं, सावलीत वाळू द्या. हेअर ड्रायर नको, ऊन नको.

मग कंडिशनर लावायचं की नाही?

लावा, पण कशासाठी ते समजून लावा. थर शाबूत असेल तर कंडिशनर फारसं आत जातच नाही. तो वर एक पातळ पापुद्रा ठेवतो. त्यामुळे पँट घासताना घर्षण कमी होतं, घाम आणि मळ थेट थरावर बसत नाहीत, नव्या जीन्सचा निळा रंग सीटला लागायचा कमी होतो. एवढंच त्याचं काम, आणि तेही कमी नाही.

पाण्यावर आधारलेलं घ्या, तेलकट नको. एका सीटला रुपयाच्या नाण्याएवढे दोन-तीन ठिपके बास. फडक्यावर घेऊन लावा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, उरलेलं कोरड्या फडक्यानं पुसून काढा. हात फिरवल्यावर चिकट किंवा निसरडं लागलं तर जास्त झालंय. आणि चकाकी आली तर समजा काहीतरी गडबड आहे. नवीन चामडं चकाकत नाही, ते मंद असतं.

काही महागड्या गाड्यांत मात्र जवळजवळ उघडं, थर नसलेलं चामडं असतं. पाण्याचा एक थेंब कोपऱ्यात ठेवा. पाच मिनिटांत मुरून गडद डाग झाला तर तुमचं चामडं आजोबांच्या घराण्यातलं आहे. तिथं कंडिशनर खरंच आत जातो, पण तिथंही खोबरेल नको. आणि ते साफ करायचं काम जाणकाराकडं द्या.

किती वेळा? धूळ आठवड्याला. क्लीनर दोन-तीन महिन्यांनी, भाड्याची गाडी असेल तर महिन्याला. कंडिशनर वर्षातून दोनदा पुरे, एकदा होळीच्या सुमारास उन्हाळा लागायच्या आधी, एकदा पावसाळ्यानंतर दिवाळीच्या सफाईत.

खान्देशी डाग

आता आपल्या भागातले खास डाग.

केळीचा चीक. रावेर-यावलकडचे हसतील, पण हा सगळ्यात वाईट. ओला असताना दिसत नाही, वाळला की काळा-तपकिरी. कपड्यावरचा निघत नाही हे घरी आईनं सांगितलंच असेल. केळीच्या चिकातही टॅनिनच असतं, बाभळीच्या सालीच्या घराण्यातलं. त्यामुळे बागेतून आलात तर सीटवर आधी टॉवेल टाका. लागलाच तर तिथल्या तिथं ओल्या फडक्यानं पुसा. जुना झाला की तो डाग राहणार, घासून थर घालवू नका.

भरीत आणि शेवभाजीची तर्री. तेल आहे, कोरड्या फडक्यानं टिपा, घासू नका, मग क्लीनर. हळदीचा पिवळेपणा थोडा राहील.

सॅनिटायझर. हा टुरिस्टवाल्यांसाठी. हातावर घेतलं आणि ओला हात सीटवर टेकला की त्यातलं अल्कोहोल थर मऊ करतं. बाटली दारातल्या खाच्यात ठेवा, सीटवर नको. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर, काचेचा क्लीनर आणि तो पांढरा घासायचा स्पंज, यातलं काहीच नको. वॉशिंग सेंटरला गाडी दिली तर आधी सांगा, "सीटला काही मारू नका." नाहीतर डॅशबोर्डचं पॉलिश सीटलाही मिळतं.

आणि सगळ्यात मोठा शत्रू, ऊन. यावर बाटलीत औषध मिळत नाही. सावली, नाहीतर पुढच्या काचेला चंदेरी पडदा, आणि मागं एखादी जुनी पांढरी चादर. फुकटचा उपाय आहे, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला.

ड्रायव्हर मंडळींना एक: सीटच्या दारालगतच्या कडेवर घसरत आत जाऊ नका. मागच्या खिशातली किल्ली काढा, आधी बसा, मग पाय आत. बहुतेक सीट तिथंच आधी फाटतात.

दादाच्या सीटचं काय झालं

काकांनी सीट दोन दिवस ठेवून घेतली. तीन वेळा फेसानं धुतली, दर वेळी फडक्यावर पिवळं तेल आलं. कडेच्या भेगा भरल्या, रंग जुळवून परत थर चढवला. एक पट्टी वाचवता आली नाही, ती कापून नव्या चामड्याची शिवली. नीट पाहिलं तर रंगातला फरक दिसतो. पाठीच्या शिलाईत तेल अजून थोडं आहे, काका म्हणाले एक उन्हाळा जाऊ दे, मग बघू. तोपर्यंत दादा सीटवर पांढरं सुती कव्हर घालतो. म्हणजे ज्या सीटसाठी भाडं जास्त मिळायचं, ती सीट आता गिऱ्हाइकाला दिसत नाही.

खर्चाचे अर्धे पैसे मी दिले. तो घेत नव्हता. शेवटी आत्याच्या हातात ठेवले.

फेब्रुवारीचा तो भाग मी काढून टाकलेला नाही. काढला असता तर ज्यांनी ऐकलाय त्यांना कळलंच नसतं. त्याच्या सुरुवातीलाच आता माझ्या आवाजात दुरुस्ती जोडली आहे. तुम्ही तो कुणाला पाठवला असेल तर हाही पाठवा, एवढी विनंती.

आणि ज्यांनी माझं ऐकून तेल लावलंय त्यांनी घाबरू नका. अजून कापडाला डाग लागत नसेल तर चामड्याच्या क्लीनरनं वरवरचं काढा, घाई न करता दोन-तीनदा. शिलाईत उतरलं असेल तर सीटचं काम करणाऱ्याकडं जा. आपल्या प्रत्येक गावात असा एक तरी माणूस असतो. मोबाइलवर विचारायच्या आधी त्याला विचारा. मी विचारलं असतं तर हा भाग करावाच लागला नसता.

पुढच्या आठवड्यात काचेवरच्या क्षाराच्या डागांबद्दल बोलू. या वेळी आधी एखाद्या जाणकाराला विचारून मग बोलीन. तोवर तुमच्या घरी आजी-आजोबा चामड्याला काय लावायचे ते व्हॉइस नोट करून पाठवा. फक्त सीटला लावू नका, भो.

चला, राम राम.